गाडी नाशिकची, पाया परका

2007च्या उन्हाळ्यात महिंद्रा-रेनोची लोगन रस्त्यावर आली तेव्हा ती सातपूरच्या कारखान्यात बनते याचा नाशिककरांना अभिमान वाटला, आणि तो रास्तच होता. जगातल्या अनेक देशांत एकाच वेळी बनणारी, पुढच्या चाकांवर चालणारी ती मध्यम आकाराची सेडान होती. तिचा पाया भारतात पहिल्यांदा रोवला गेला तो नाशिकमध्ये. तीनच वर्षांत फ्रेंच भागीदार बाहेर पडला. आणखी दोन वर्षांनी, जुलै 2012मध्ये, त्याच पायावरची रेनो डस्टर बाजारात आली आणि पाहता पाहता लोकप्रिय झाली. पुढच्या वर्षी निस्सानची टेरानो आली, तीही त्याच पायावर. मात्र या दोन्ही गाड्या चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये बनत होत्या. ज्या शहराने या पायावरची पहिली भारतीय गाडी घडवली, त्याच्या वाट्याला त्या पायाचे पुढचे आयुष्य आले नाही. हे दुर्दैवाने घडले असे म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. लोगनच्या वेळी नाशिककडे गाडी जोडण्याचे काम आले, पण पायात बदल करण्याचा अधिकार आला नाही, आणि पुढचे सगळे त्यातून घडले, असे माझे म्हणणे आहे. आज राज्यात नव्या वाहन कारखान्यांचे करार होत असताना हा इतिहास तपशिलाने पाहायला हवा.

मोटार उद्योगात ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, तो गाडीचा न दिसणारा भाग. गाडीचा तळ, इंजिन बसवायची जागा, सस्पेन्शनचे जोड, स्टिअरिंगची मांडणी, धडकेचा मार झेलणारा पोलादी सांगाडा हे सगळे त्यात येते. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स बहुधा आडवे बसतात, मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट लागत नाही, त्यामुळे तळ सपाट राहतो आणि कमी लांबीच्या गाडीत जास्त जागा मिळते. या रचनेत पुढचा भाग, म्हणजे इंजिनापासून चालकाच्या पायांपर्यंतचा, सगळ्यात खर्चिक आणि बदलायला सगळ्यात अवघड. मागचा भाग त्या मानाने सहज लांबवता किंवा छाटता येतो. म्हणूनच एका पायावर सेडान, हॅचबॅक, वॅगन आणि उंच एसयूव्ही असे सगळे प्रकार निघतात आणि पायाचा प्रचंड खर्च लाखो गाड्यांवर वाटला जातो. जोते एकदा भरले की वर माडी चढवायची की मागे पडवी काढायची हे घरमालक ठरवतो. भाडेकरूने घर कितीही निगुतीने राखले तरी तो निर्णय त्याचा नसतो.

लोगनचा पाया कसा तयार झाला हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे, कारण ती या शतकातली एक खरोखर हुशार रचना होती. रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वायत्झर यांनी 1999मध्ये रुमेनियातली दाचिया ही कंपनी ताब्यात घेतली आणि आपल्या अभियंत्यांपुढे पाच हजार युरोंच्या आसपास विकता येईल अशा पूर्ण आकाराच्या कुटुंबगाडीचे उद्दिष्ट ठेवले. रेनो-निस्सान आघाडीने लहान गाड्यांसाठी जो सामाईक पाया आखला होता, तो स्वस्त आणि दणकट करून ‘बी-झीरो’ हा नवा अवतार घडवण्यात आला. दोन्ही बाजूंचे बाहेरचे आरसे एकच, दारांवरच्या पट्ट्याही डावी-उजवीकडे सारख्याच, पुढची काच कमी वक्र, डॅशबोर्डचा साचा मोठ्या अखंड तुकड्याचा: जिथे एक साचा वाचेल तिथे तो वाचवला होता. पण चाकांमधले अंतर 2630 मिलिमीटर ठेवले, म्हणजे आतली जागा वरच्या वर्गातल्या गाडीएवढी. काटकसर दिसण्यात केली, तळाच्या मजबुतीत नाही. 2004मध्ये रुमेनियातल्या मिओव्हेनी इथून ही गाडी निघाली आणि मग मॉस्को, कॅसाब्लांका, कोलंबिया, इराण, ब्राझील असा तिचा विस्तार झाला. याच साखळीतला एक दुवा म्हणजे सातपूर. खराब रस्ते, कमी देखभाल आणि भरपूर माणसे-सामान या तिन्ही कसोट्यांवर उतरणारी ही रचना भारतासाठी आखली असावी इतकी योग्य होती.

आणि तरीही ती इथे अडखळली. याचे सगळ्यात ठोस कारण एका आकड्यात आहे. 2006च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणले गेले. लहान कुणाला म्हणायचे याची व्याख्या होती: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत. 2008च्या अर्थसंकल्पात हे शुल्क 12 टक्क्यांपर्यंत उतरले, म्हणजे मोठ्या गाडीच्या निम्म्यावर. लोगनचे डिझेल इंजिन 1461 सीसीचे, त्या कसोटीत बसणारे. गाडीची लांबी मात्र सुमारे सव्वाचार मीटर. नियम जाहीर झाला तेव्हा लोगन बाजारात यायला एक वर्षाहून अधिक अवकाश होता. मागचा भाग छाटणे हे पायाच्या दृष्टीने सोपे काम, पण गाडीचे आरेखन परदेशात पक्के झालेले होते आणि ते भारतापुरते मोडायचे की नाही हा निर्णय सातपूरच्या हातात नव्हता. जी गाडी स्वस्ताईसाठीच जन्मली होती, ती भारतात श्रीमंतांच्या गाडीचा कर भरत राहिली. पहिल्या वर्षातला ओघ टिकला नाही आणि 2009-10पर्यंत महिन्याची विक्री काही शेकड्यांवर येऊन ठेपली.

त्याच काळात त्याच महाराष्ट्रात, पिंपरीला, काय झाले ते शेजारी ठेवून पाहावे. टाटांनी 1998च्या डिसेंबरमध्ये इंडिका आणली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली, सुरुवातीच्या गाड्यांत दोष होते, आरेखनाला इटलीतल्या संस्थेचे साहाय्य होते आणि कारखान्यासाठी निस्सानची ऑस्ट्रेलियातली जुनी यंत्रसामग्री विकत आणलेली होती. तरी पाया टाटांचा होता. त्यावर 2002मध्ये इंडिगो ही सेडान उभी राहिली, आणि चार मीटरचा नियम आल्यावर अवघ्या दोन वर्षांत, 2008च्या आरंभी, इंडिगो सीएस आली. मागची डिकी आखूड केलेली ती देशातली पहिली चार मीटरच्या आतली सेडान. ती लोगनपेक्षा चांगली गाडी होती असे मी म्हणणार नाही. लोगनची तळाची घडण आणि डिझेल इंजिन अधिक सरस होते. पण नियम बदलताच गाडी बदलण्याचे स्वातंत्र्य पिंपरीला होते. नाशिकला तेच काम करायला भागीदारी संपण्याची वाट पाहावी लागली. एप्रिल 2010मध्ये महिंद्राने रेनोचा 49 टक्के हिस्सा घेतला, 2011मध्ये लोगनचे नाव व्हेरिटो झाले आणि जून 2013मध्ये, नियमानंतर सात वर्षांनी, 3991 मिलिमीटर लांबीची व्हेरिटो व्हाइब निघाली. तोवर मारुतीची आखूड डिझायर बाजार व्यापून बसली होती. बदल अवघड नव्हता हे व्हाइबने सिद्ध केले. तो उशिरा झाला, इतकेच.

नाशिकसाठी हा पहिला अनुभवही नव्हता. 1996मध्ये महिंद्रा आणि फोर्ड यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतून फोर्ड एस्कॉर्ट नाशिकमध्येच जोडली जाऊ लागली. तीही पुढच्या चाकांवर चालणारी मध्यम सेडान, तिचाही पाया युरोपात आखलेला, आणि तिथे तो एव्हाना जुना झालेला. 1998मध्ये फोर्डने आपला हिस्सा वाढवून कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्या वर्षी भारतासाठी खास घडवलेली आयकॉन आली ती चेन्नईजवळच्या मरैमलई नगरातून. लोगनच्या बाबतीत तर स्थलांतराची चाहूल गाडी येण्याआधीच लागली होती. 2007च्या फेब्रुवारीत महिंद्रा, रेनो आणि निस्सान यांनी तमिळनाडू सरकारशी ओरगडमच्या कारखान्याचा करार केला होता. 2008मध्ये महिंद्रा त्यातून बाजूला झाली आणि उरलेल्या दोघांनी 2010मध्ये तो कारखाना सुरू केला. दोन वेगळे भागीदार, मध्ये दहा वर्षांचे अंतर, आणि दोन्ही वेळा शेवट तोच. पाहुण्या पायाची ओळख नाशिकने करून दिली, आणि त्यावरची खरी गुंतवणूक समुद्राकाठी गेली. बंदर जवळ असणे, तमिळनाडूच्या सवलती, तिथले सुटे भाग पुरवणारे उद्योग ही कारणे खरीच आहेत. पण पायाचा मालक परदेशी असला की तो नकाशाकडे कोऱ्या नजरेने पाहतो. सातपूरने कमावलेले कसब त्याच्या हिशेबात फार जड भरत नाही.

यावर एक साधा आक्षेप असा येईल की लोगन दिसायलाच ओबडधोबड होती, ती टॅक्सीची गाडी ठरली, आणि ग्राहकाने तिला नाकारले; पायाच्या मालकीचा यात काय संबंध? रूपाचा मुद्दा मला मान्य आहे. भारतीय कुटुंब सेडान घेते तेव्हा चारचौघांत शोभेल अशी घेते, आणि लोगनच्या चौकोनी अंगकाठीत ती ऐट नव्हती. पण हा आक्षेप नीट तपासला तर तो माझ्याच बाजूने झुकतो. डस्टरच्या अंगाखाली तेच हाड होते. चाकांमधले अंतर थोडे वाढवले, गाडी उंच केली, वर रुबाबदार पत्रा चढवला, आणि ज्या ग्राहकाने लोगन नाकारली होती त्यानेच डस्टरसाठी रांग लावली. डस्टर 2013ची ‘इंडियन कार ऑफ द इयर’ ठरली. म्हणजे भारतीय ग्राहकाने पाया नाकारलाच नव्हता, त्यावर चढवलेला अंगरखा नाकारला होता. तो बदलण्याची परवानगी आणि पैसा ज्याच्याकडे होता, त्याने तो ओरगडममध्ये बदलला. व्हेरिटोचे रूप नाशिकने 2012मध्ये थोडेफार सुधारले, जून 2016मध्ये त्याच पायावर विजेवर चालणारी ई-व्हेरिटोही काढली. ही धडपड कौतुकास्पद होती. पण इंजिन-गिअरबॉक्सचे तंत्र रेनोकडून परवान्याने घेतलेले आणि पुढच्या पिढीचा पाया मिळण्याची शक्यता नाही, अशा स्थितीत वारशाने आलेली गाडी जितकी ताणता येईल तितकीच ताणली जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज जगात जवळपास सगळेच पाया वाटून घेतात, मग प्रत्येकाने आपला वेगळा पाया घडवावा हा हट्ट कशाला? या प्रश्नाचे उत्तर पुण्याजवळच्या चाकणला सापडते. फोक्सवॅगन समूहाने भारतासाठी सुमारे एक अब्ज युरोंची योजना हाती घेतली, पुण्यात 2019मध्ये तंत्रज्ञान केंद्र उघडले आणि आपला जगभर वापरला जाणारा लहान गाड्यांचा पाया इथल्या गरजेप्रमाणे बदलून घेतला. 2021मध्ये कुशाक आणि टायगुन, 2022मध्ये स्लाव्हिया आणि व्हर्टस त्यावर उभ्या राहिल्या. पुढे त्याच पायाची चाकांमधली लांबी 2651वरून 2566 मिलिमीटरवर आणून चार मीटरच्या आतली कायलॅक निघाली. पाया जर्मन-चेक मालकांचा, पण इथल्या कररचनेप्रमाणे तो कापण्याजोडण्याचे काम इथल्या अभियंत्यांच्या सहभागाने झाले. त्यामुळे मला माझे विधान थोडे नेमके करायला हवे. कागदावर मालकी कुणाची हा शेवटचा प्रश्न नाही. बदल करण्याचे ज्ञान, त्यासाठीची माणसे आणि निर्णयाचा अधिकार कुठे बसतो, हा आहे. लोगनच्या करारात या तिन्हींचा वाटा नाशिककडे पुरेसा आला नाही.

नाशिकमध्ये ती क्षमता नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण 2002ची स्कॉर्पिओ इथेच घडली. महिंद्राच्या पवन गोयंका यांच्या नेतृत्वाखाली तुलनेने लहान चमूने, मोठ्या जागतिक कंपन्यांच्या मानाने किरकोळ वाटावा अशा खर्चात ती उभी केली. ती फ्रेमवर बसवलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी होती, म्हणजे वेगळ्या घराण्यातली. पण गाडी मुळापासून आखण्याचा सराव सातपूरला होता. पुढे 2012मध्ये महिंद्राचे मोठे संशोधन केंद्र चेन्नईजवळ सुरू झाले आणि आरेखनाचे वजन तिकडे सरकले. नाशिकच्या सार्वजनिक चर्चेत या घटनेला फारशी जागा मिळाली नाही याची मला खंत वाटते. कारखान्याची एक लाइन बंद झाली तर मोर्चे निघतात, बातम्या होतात. आरेखन करणारी माणसे शहर सोडून जातात तेव्हा कुणी बोलत नाही, आणि तोटा तर त्यातच अधिक असतो.

अधिकार हाताशी असला की काय होते याचा पुरावाही नाशिकमध्येच आहे. महिंद्राने 2011मध्ये कोरियाची सँगयाँग ही कंपनी विकत घेतली. तिच्या टिवोली या गाडीचा पुढच्या चाकांवर चालणारा पाया इथे आला, आणि या वेळी तो सुरुवातीलाच छाटला गेला: सुमारे 4.2 मीटरची टिवोली, पण फेब्रुवारी 2019मध्ये आलेली नाशिकची एक्सयूव्ही 300 मात्र 3995 मिलिमीटरची. चाकांमधले 2600 मिलिमीटरचे अंतर तेवढेच ठेवले. 2020मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिने पाच तारे मिळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस सँगयाँग दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि महिंद्राच्या हातून निसटली. मालक कंपनी गेली, पण पाया राहिला. त्यावर विजेवरची एक्सयूव्ही 400 आली, तिची लांबी पुन्हा 4.2 मीटर, कारण विजेच्या गाडीला त्या सवलतीची गरज नव्हती. 2024च्या एप्रिलमध्ये एक्सयूव्ही 3एक्सओ आली. लोगनला जे सात वर्षांनी मिळाले ते या गाडीला पहिल्या दिवशी मिळाले, आणि मूळ मालकाशी नाते तुटल्यावरही काम थांबले नाही. स्वतःचा पाया म्हणजे यशाची हमी असेही नाही, हे त्याच कारखान्यातली मराझो सांगते. 2018मध्ये आलेली, फ्रेमवर बसवूनही पुढच्या चाकांवर चालणारी ती धाडसी रचना होती. तिला ग्राहक कधीच पुरेसे मिळाले नाहीत. पण अपयशातून शिकलेले निदान आपल्या माणसांकडे उरते.

तिसरा आक्षेप कामगाराच्या बाजूने येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाडी कुणाचीही असो, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या माणसाला काम मिळाले ना? मिळाले, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रेनो गेल्यावरही कारखान्याची धडधड थांबली नाही, हेही खरे. पण ती थांबली नाही याचे कारण त्याच आवारात बोलेरो आणि स्कॉर्पिओ बनत होत्या, म्हणजे ज्यांच्यावर आपला अधिकार होता अशा गाड्या. केवळ परक्या पायावर उभ्या असलेल्या कारखान्याचे काय होते, हे 2021मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली तेव्हा मरैमलई नगर आणि साणंद इथल्या कामगारांनी अनुभवले. लहान वेंडरांचा हिशेब तर याहून कठोर असतो. एका गाडीच्या कंसासाठी किंवा पत्र्याच्या भागासाठी डाय बनवायची, प्रेस घ्यायची, कर्ज काढायचे, ते ठरावीक संख्येचा भाग विकला जाईल या भरवशावर. पाया पुढे चालू राहिला तर तीच डाय, थोड्या फरकाने, दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीला चालते. पाया दुसऱ्या राज्यात गेला तर डाय भंगारात जाते आणि कर्ज मागे राहते. म्हणून कामगारांचा आणि लघुउद्योजकांचा कळवळा असणाऱ्यांनी पायाच्या प्रश्नाला अभियंत्यांची चैन मानू नये.

पायाच्या प्रश्नाचे हे महत्त्व रुमेनियाने ओळखले होते. दाचिया पूर्णपणे परक्या मालकीची झाली तरी त्या देशात रेनोचे अभियांत्रिकी केंद्र उभे राहिले आणि 2010मध्ये टिटू इथे चाचणी मार्गही सुरू झाला. आपल्याकडे 2024मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरसाठी सुमारे 20,000 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. अशा प्रत्येक करारात गुंतवणूक, जमीन आणि रोजगाराचे आकडे ठळकपणे मांडले जातात. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत सवलतींचा काही हिस्सा आणखी तीन गोष्टींशी बांधता येईल: त्या गाडीच्या भारतीय आवृत्तीचे आरेखन राज्यात किती होणार, डाय आणि साचे इथल्या टूल रूममध्ये किती बनणार, आणि त्या पायावरची पुढची गाडी इथे येणार की नाही याबद्दल कंपनी काय लिहून देते. कंपन्या अशा अटींनी बिचकतील आणि दुसऱ्या राज्यात जातील, ही भीती दाखवली जाईल. काही जातीलही. पण एस्कॉर्ट आणि लोगन कोणतीही अट नसताना आल्या होत्या, आणि तरीही त्यांच्यानंतरच्या गाड्या तमिळनाडूत गेल्या.

नाशिकपुढचा प्रश्न तर तातडीचा आहे. 15 ऑगस्ट 2025 रोजी महिंद्राने ‘एनयू-आयक्यू’ हा नवा पाया जाहीर केला. पेट्रोल-डिझेलपासून विजेपर्यंत सगळी इंजिने पेलणारा, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंगसाठी सुरुवातीपासून आखलेला, चार मीटरच्या आतल्या गाड्यांनाही चालणारा. त्यावरच्या गाड्या 2027पासून येणार आहेत. सप्टेंबर 2025मध्ये जीएसटीची फेररचना झाली तेव्हा चार मीटरच्या आतल्या लहान गाडीला 18 टक्के आणि मोठ्या गाडीला 40 टक्के कर लागू झाला, म्हणजे ज्या रेषेने लोगनला मागे खेचले ती रेषा आता आणखी गडद झाली आहे. या नव्या पायाच्या कामात सातपूर-अंबडच्या टूल रूमना किती वाटा असेल, आरेखनाचा कोणता भाग नाशिकमध्ये होईल, हे विचारण्याची वेळ पहिली गाडी येण्याआधीची आहे. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी, लोकप्रतिनिधींनी आणि उद्योग खात्याने ते कंपनीला आत्ताच, लेखी विचारावे.